‘विवेकी ग्राहक’ वर्गात कसा तपासावा

अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं, ‘विवेकी ग्राहक’ बजेटमध्ये बसणाऱ्या सगळ्या पर्यायांतून सर्वांत चांगला निवडतो. टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) तासाला मी ते पुस्तक मिटायला लावते आणि फळ्यावर किराण्याची यादी लिहून घेते. ४० वस्तू, बजेट ठरलेलं. प्रत्येक वस्तू घ्यायची की नाही, एवढंच. तरी होतात सुमारे १.१ लाख कोटी पिशव्या. सेकंदाला १० लाख पिशव्या तपासणाऱ्या यंत्राला जवळपास १३ दिवस लागतील. वस्तू ६० केल्या तर ३६ हजार वर्षं! (तोवर तूरडाळीचा भाव काय होईल, ते सोडा.)

मुलं म्हणणारच, “मॅडम, वेगवान कॉम्प्युटर आणू.” तेव्हा गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग काढा. काही प्रश्नांना वेळ कितीही दिला तरी कुठलीच गणनपद्धत पुरी पडत नाही, हे त्याने १९३६ मध्ये दाखवलं. मग संगणकशास्त्रज्ञ मायकेल रॅबिन, १९५७: असा खेळ, ज्यात एका खेळाडूकडे हमखास जिंकायची रीत आहे, पण ती चालवून दाखवणारा प्रोग्रॅमच असू शकत नाही. इथे थांबा, घाई नको. किराणा नुसता वेळखाऊ, रॅबिनचा खेळ मुळातच अगणनीय, म्हणजे त्याची जिंकायची रीत कुठल्याच प्रोग्रॅमला न जमणारी. हा फरक वहीत लिहून घ्या, नाहीतर पेपरात दोन्हींची खिचडी होते.

शेवटी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनची १९५५ ची रीत करून बघा: आधी ‘इतकं पुरे’ ही पातळी लिहायची, मग त्यात बसणारी पहिली पिशवी उचलायची. पातळी पेनानेच लिहायला लावा. पेन्सिलीने लिहिली तर मुलं ती हळूच सरकवतात.