हृदयशस्त्रक्रिया झालेल्या बालकाचे श्वासपटल सोनोग्राफीने कसे तपासावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून नागपूर-मुंबईला हृदयशस्त्रक्रिया होऊन गडचिरोली वा यवतमाळमधल्या गावी परतलेले तान्हे बाळ दूध पिताना धापा टाकू लागले, त्याचे वजन वाढेना आणि न्यूमोनियाचे निदान पुन्हापुन्हा होऊ लागले, तर ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी आणखी एक प्रतिजैविक लिहिण्याआधी त्याचे श्वासपटल, म्हणजे डायफ्राम, पाहावे. शस्त्रक्रियेच्या वेळी फ्रेनिक नस, म्हणजे श्वासपटल हलवणारा मज्जातंतू, ताणामुळे, बर्फाच्या गारव्याने किंवा कॉटरीच्या, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी डागणाऱ्या उपकरणाच्या, उष्णतेने दुखावली, की त्या बाजूचे श्वासपटल लुळे पडते.

तपासणीच्या वेळी बाळ स्वतःच्या बळावर श्वास घेत असले पाहिजे. व्हेंटिलेटरचा दाब लुळे श्वासपटलही खाली ढकलतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. सोनोग्राफीचे यंत्र १९९४च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदलेले असल्याने ते सहसा जागेवरून हलवता येत नाही, म्हणून बाळालाच तेथे आणावे.

बाळाला उताणे निजवून डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, जेल कोमट करावे आणि छातीच्या जखमेवर दाब येऊ देऊ नये. कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आडवा धरून वर रोखला, की तान्ह्या बाळात दोन्ही बाजू एकाच चित्रात दिसतात. माझ्या मते सुरुवात येथूनच करावी, कारण तुलना लगेच होते. त्यानंतर उजवीकडे यकृताच्या आणि डावीकडे प्लीहेच्या आडून एकेक बाजू पाहून एम-मोडची, म्हणजे एका रेषेवरची हालचाल आलेखात दाखवणाऱ्या पद्धतीची, रेषा श्वासपटलाला शक्य तितकी काटकोनात लावावी. डावीकडे जठरातला वायू आड येतो. तेथे प्रोब कुशीकडे सरकवावा.

श्वास घेताना निरोगी श्वासपटल प्रोबकडे येते व आलेख वर चढतो; लुळ्या श्वासपटलाचा आलेख सपाट राहतो, आणि उलट हालचालीत, म्हणजे श्वास घेताना श्वासपटल प्रोबपासून दूर गेल्यास, तो खाली जातो. हालचाल ४ मिलिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन बाजूंत निम्म्याहून अधिक फरक असणे हा बालकांसाठी वापरला जाणारा निकष आहे. मात्र दोन्ही बाजू लुळ्या असल्यास तुलनेला आधारच उरत नाही, आणि फुप्फुसाभोवती पाणी साचले असेल किंवा गुंगीचा अंमल असेल तरीही हालचाल मंदावते, म्हणून एकाच चित्रावर निष्कर्ष काढू नये.

दोष आढळल्यास दोन्ही बाजूंच्या चित्रफिती, श्वासाची गती आणि वजनाची नोंद शस्त्रक्रिया केलेल्या केंद्राकडे त्याच दिवशी पाठवावी. मोठी मुले बरेचदा हे सोसतात. तान्ह्या बाळाला मात्र श्वासपटल शिवून ताणून बसवण्याची, म्हणजे प्लायकेशनची, गरज पडू शकते आणि तो निर्णय त्याच केंद्राने घ्यायचा असतो.