बीपीची गोळी सुरू झाली, आता पुढे काय करायचं?

गोळी सुरू होऊन तीन-चार महिने झाले की बहुतेकांच्या मनात एक विचार येतोच. आकडे छान येताहेत, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला? माझ्याही मनात आला. कुणालाही न विचारता मी गोळी सोडली आणि दोन आठवडे इतकं बरं वाटत होतं की आपण उगाचच औषध खात होतो, अशी खात्रीच पटली. तिसऱ्या आठवड्यात सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला तर १६८/१०२. त्या क्षणीही मला काहीसुद्धा होत नव्हतं. चेहरा लाल नाही, छातीत धडधड नाही. मी चक्क वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

बीपीची खोच इथेच आहे. ते वाढलेलं कळत नाही, म्हणून ‘कसं वाटतंय’ यावर औषध ठरवता येत नाही. आकडा चांगला आला तर गोळी काम करतेय एवढाच त्याचा अर्थ.

आधी नीट मोजायला शिका

गोळ्यांपेक्षा मी मोजण्यावर जास्त लिहिणार आहे, कारण चुकीच्या आकड्यावर औषध वाढलं किंवा कमी झालं तर पुढचं सगळंच फसतं.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचायची पद्धत रिवा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये मांडली, म्हणून आजही आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये बोलतो. त्याला फक्त वरचा आकडा मिळत असे. खालचा मिळायला १९०५ साल उजाडलं. कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची युक्ती सांगितली तेव्हा.

घरी यंत्र घ्यायचं तर दंडाला बांधायचंच घ्या. मनगटाचं सोयीचं वाटतं, पण मनगट जरा वर-खाली झालं की आकडा बदलतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा ओढून-ताणून बांधला तर बीपी नसतानाही बीपी दिसतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय टाकू नका. बाही वर सारून, उघड्या दंडाला पट्टा बांधा आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हा हात लोंबकळत ठेवण्याचा प्रकार फार जण करतात. पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला तर आकडा ७-८ने वाढतो. शुद्ध भौतिकशास्त्र आहे, त्यात तुमच्या तब्येतीचा दोष नाही. यंत्र चालू असताना बोलू नका, फोनही नको. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडला तेवढाच नव्हे.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून बघा. जिथे जास्त येतं तोच दंड पुढे कायम ठेवा.

रोज दहा वेळा मोजत बसलात तर मोजण्याच्या धास्तीनेच बीपी वाढेल. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, दोन-दोन वेळा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९०ला धरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. औषधावर असलेल्या अनेकांसाठी १३०/८०च्या आत येणं हे उद्दिष्ट असतं. पण खूप वय झालेल्यांना किंवा उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्यांना डॉक्टर वेगळा आकडा ठरवून देतात. तुमचा आकडा कोणता ते विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आपली गोळी कोणत्या घरची, ते ओळखा

पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं. ते बारीक नाव वाचा. शेवटची अक्षरं बरंच सांगून जातात.

‘डिपीन’ने संपणारी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपीन, रक्तवाहिन्या सैल करते. घोट्यांवर सूज येऊ शकते. ‘प्रिल’वाल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. कफ सिरपच्या बाटल्या रिकाम्या करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र थांबू नका, तातडीने दवाखाना गाठा. ‘सार्टन’वाल्या गोळ्या ‘प्रिल’च्या चुलत भावंडांसारख्या, पण खोकल्याचा त्रास सहसा देत नाहीत. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवं असेल तर आधीच सांगायला हवं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांत क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड वगैरे येतात. त्यांनी सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. आणि ‘लोल’वाल्या गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल, एकदम कधीच बंद करू नयेत. नाडी आणि बीपी उसळी मारतं.

एकाऐवजी दोन गोळ्या लिहून दिल्या की लोक घाबरतात, आजार वाढला म्हणतात. तसं नसतं. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या औषधांचे छोटे डोस बहुधा जास्त काम करतात आणि त्रास कमी देतात.

शिवाय धीर हवा. अॅम्लोडिपीनसारखी गोळी रक्तात स्थिरावायलाच आठवडाभर लागतो; पुरता परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे. तिसऱ्या दिवशी ‘लागू पडत नाही’ असा निकाल देऊ नका.

गोळी चुकू नये म्हणून

सकाळी घ्यावी की रात्री, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ या ब्रिटिश अभ्यासात २१ हजारांहून जास्त लोक होते आणि हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या बाबतीत सकाळच्या-रात्रीच्या गोळीत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ तुम्हाला लक्षात राहते ती तुमची वेळ. अपवाद लघवीच्या गोळीचा; ती रात्री घेतली तर झोपेचं खोबरं.

मी दात घासायच्या ब्रशशेजारी सात कप्प्यांचा डबा ठेवतो. गोळी घेतली की नाही हा प्रश्न दुपारी पडतो तेव्हा डोकं खाजवत बसण्यापेक्षा कप्पा उघडून बघता येतो. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घेऊन भरपाई करू नका.

उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं बंद झालं, तर शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. अशा वेळी काही बीपीच्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात. त्या दिवसांत कोणती गोळी थांबवायची, हे बरं असतानाच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

औषधांच्या डब्यातले घरभेदी

गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन रोज घेत असाल तर बीपी चढू शकतं आणि बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्याही तेच करतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. स्टेरॉइड आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही बीपी वाढतं. आणि ज्येष्ठमध! घसा बसला की चघळायला बरं वाटतं, पण दीर्घकाळ भरपूर खाल्लं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. ‘झाडपाल्याचं आहे, काय होतंय’ हे वाक्य इथे चालत नाही.

मीठ मोजायची सोपी युक्ती

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. पण भांड्यात पडणारं मीठ कोण मोजणार? म्हणून मिठाची नवी एक किलोची पिशवी फोडलीत की तिच्यावर तारीख लिहा. घरात चार माणसं असतील तर ५ ग्रॅमच्या हिशोबाने ती ५० दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं. थोडं मीठ पाण्याबरोबर फेकलं जातं हे खरं, पण बाहेरचं आणि पाकिटातलं मीठ या हिशोबात धरलेलंच नाही.

पाकिटांवर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. गोड बिस्किटांतही मीठ असतं, पावातही. गुलाबी मीठ, सैंधव, खडेमीठ यांतही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ अनेकांना चांगलं, पण त्यात पोटॅशियम असतं; किडनीचा त्रास असेल किंवा ‘प्रिल’, ‘सार्टन’, स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरातच राखणारी लघवीची गोळी) चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका. मीठ एकदम तोडण्यापेक्षा हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते, आणि मग पूर्वीचंच जेवण खारट लागतं.

बाकीच्या सवयी

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं. वजन जास्त असेल तर किलोमागे साधारण एक मिलिमीटर बीपी उतरतं, हा ढोबळ हिशोब. भाज्या, फळं, कडधान्यं वाढवा. दारू जितकी कमी तितकं बरं. सिगारेट सोडायचं कारण मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्या वाचवणं, बीपीचा आकडा त्यामानाने दुय्यम. तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल आणि घरचे ‘घोरताना मध्येच श्वास अडकतो’ म्हणत असतील, तर ही तक्रार डॉक्टरांपर्यंत न्या. झोपेतला श्वासरोध हे बीपीचं नेहमी निसटणारं कारण आहे.

आकडा एकदम वर गेला तर

१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा, बोबडं बोलणं, दिसण्यात गडबड किंवा भयंकर डोकेदुखी असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. असलं काहीच नसेल तर शांत बसून थोड्या वेळाने परत मोजा. आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जास्तीची गोळी मनाने घेऊ नका. पूर्वी बीपी झटकन उतरवायला निफेडिपीनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. दाब धाडकन कोसळल्याने मेंदूला आणि हृदयाला होणारा रक्तपुरवठा तुटून लोक दगावले, म्हणून ती पद्धत टाकून दिली. घरात कुणी अजून हा सल्ला देत असेल तर ऐकू नका.

वही घेऊन जाताना

आकड्यांची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (दुखण्याच्या आणि ‘नैसर्गिक’ असलेल्यांसकट), आणि वर्षातून एकदा तरी यंत्रही सोबत न्या. दवाखान्यातल्या यंत्राशेजारी ते लावून दोघांचे आकडे जुळतात का बघता येतं. किडनीची तपासणी, पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं शेवटची कधी पाहिली, तेही विचारा.

आणि चुकलेल्या गोळ्या खरंच किती, ते सांगा. मी त्या वेळी ‘रोज घेतो’ असं ठोकून दिलं होतं. डॉक्टरांनी १६८/१०२ पाहिलं आणि डोस वाढवायला पेन उचललं, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. मग त्यांनी जुनीच गोळी परत सुरू केली, आणि महिन्याभरात वहीत १२८/७८ लागलं.