केबल जोडली, तरी दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत?

जुन्या पीसीमधले वर्षानुवर्षांचे फोटो नव्या लॅपटॉपवर न्यायचे असतील, तर दोघांना थेट लॅन केबलने जोडणं मला सर्वांत सोयीचं वाटतं. अडलं की बरेच जण आधी फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) बंद करतात. कृपया तसं करू नका. सुरुवात केबलपासून करा आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नका.

दिवे. केबल ‘टक्’ वाजेपर्यंत आत ढकला. पोर्टजवळचे छोटे दिवे दोन्हीकडे लागले पाहिजेत. नाही लागले तर दुसरी केबल लावून बघा. पूर्वी यासाठी क्रॉसओव्हर केबल, म्हणजे आतल्या तारांची अदलाबदल केलेली केबल, लागायची. आताचे गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) पोर्ट तारांचा मेळ स्वतःच घालतात, म्हणून साधी केबल चालते.

पत्ता. मध्ये राऊटर नसला की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, वाटायला कुणी नसतं. मग विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावरही काम होऊ शकतं, पण आपण पत्ता ठरवून दिलेला बरा. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडा. एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ द्या. सबनेट मास्क दोघांना २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामाच ठेवा. घरच्या वायफायचे पत्तेही १९२.१६८.५० नेच सुरू होत असतील, तर इथे ५० ऐवजी दुसरा आकडा घ्या.

पिंग. कमांड प्रॉम्प्टमधून समोरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते बघा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर केबल आणि पत्ते पुन्हा तपासा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर बहुधा समोरची फायरवॉल अडवते आहे. अनोळखी नेटवर्कला विंडोज ‘पब्लिक’ समजतं. दोन्हीकडे ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. फायरवॉल चालूच राहू द्या.

पासवर्ड. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. फोल्डर शेअर केलं, पत्ता टाकला, तरी विंडोज नाव-पासवर्ड मागतं आणि तुम्ही रोजचा पिन टाकत राहता. तो पिन फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्याच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर आधी तो ठेवा, कारण रिकाम्या पासवर्डने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

वेग. कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकली, तर जोडणी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) चालली आहे. त्या वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोन्ही पोर्ट गिगाबिट असतील तर केबलमधली एखादी तार तुटली असण्याची शक्यता मोठी, केबल बदला.

काम झाल्यावर आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवा, नाहीतर उद्या हीच केबल राऊटरला लावल्यावर इंटरनेट चालणार नाही.