फ्लॅट मुलांच्या नावावर करण्याआधी: मृत्युपत्र असं करा

कोथरूड, सिंहगड रोडच्या कितीतरी घरांत आता दोघंच असतात. मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. मग कुणीतरी सुचवतं, 'बक्षीसपत्र करून टाका, मोकळे व्हाल.' घाई करू नका. बक्षीसपत्र झालं की घर दुसऱ्याचं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं, पण सांभाळण्याची अट दस्तात स्पष्ट नसेल तर ते फार जड जातं. शिवाय प्रांताधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं, तेही पोटच्या मुलाविरुद्ध. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं.

त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य सुरुवातीलाच घाला. फ्लॅटचं वर्णन इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) समोर ठेवून उतरवा: सर्व्हे नंबर, विंग, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबरही घ्या. फ्लॅट दोघांच्या नावे असेल तर तुम्ही फक्त आपल्या हिश्श्याचं देऊ शकता, म्हणून नवरा-बायकोनं आपापलं वेगळं मृत्युपत्र करावं. आणि फ्लॅट थेट मुलांना देणार असाल तर एक ओळ विसरू नका: 'माझ्या पश्चात माझ्या पत्नीस या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील.' ती नसली तर मुलं घर विकायला काढतात तेव्हा आईकडे दाखवायला कागद नसतो.

साक्षीदार दोन. त्यांच्यादेखत तुम्ही सही करा, तुमच्यादेखत त्यांनी. वयानं लहान, पुण्यातच राहणारे, मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडा. सकाळी फिरायला येणारा समवयस्क मित्र नको, गरज पडेल तेव्हा तोही नसेल. प्रत्येक पानावर सही करा आणि त्याच तारखेचा, मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलंच बरं. मुलांत धुसफूस असेल तर नक्कीच.

सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीनं घर सांभाळतो.

मूळ प्रत एकट्याच्या नावच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. तो उघडायलाच बँक वारसांकडे कागद मागते.