किनारीचा सांधा दिसू नये म्हणून

वेबपानाच्या डाव्या कडेला वेलबुट्टीची किनार लावली की चित्राचा एकच छोटा तुकडा एकाखाली एक पुन्हा पुन्हा येतो, आणि दोन तुकडे भेटतात तिथे, दर थोड्या अंतरावर, वेल कात्रीने छाटल्यासारखी दिसते. सांधा चित्राच्या अगदी कडेवर असतो, तिथे ब्रश नीट चालत नाही. म्हणून तो आधी मधोमध आणायचा.

१. २०० पिक्सेल उंचीच्या तुकड्यावर किनार काढा, लेयर (चित्राचे थर) एकत्र करा.

२. ऑफसेट द्या, म्हणजे चित्र सरकवा: उभा १००, आडवा शून्य, ‘रॅप अराउंड’ चालू (एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने परत आत येतो). चित्रं संपादित करायच्या गिंप या प्रोग्रॅममध्ये हे लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममध्ये सापडेल, फोटोशॉपमध्ये फिल्टर मेनूतल्या अदरमध्ये. आडवा आकडा चुकून भरलात तर किनार कड सोडून सरकते. माझं दोनदा झालंय.

३. आता तुटलेला देठ ऐन मध्यात दिसेल. क्लोन टूलने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारा ब्रश) दोन्ही टोकं जोडा. पानं-फुलं थोडी पुढेमागे झाली तरी चालतं, देठाची जाडी मात्र जुळायलाच हवी, डोळा तिथेच अडखळतो.

४. पीएनजीत सेव्ह करा, सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) फक्त उभी पुनरावृत्ती ठेवा.

जपायचं एकच: दुरुस्ती करताना वरच्या-खालच्या कडांना ब्रश लागू देऊ नका. ऑफसेटनंतर त्या आपोआप जुळलेल्या असतात.