संदर्भ ओळखणारी खोली: प्रोजेक्टला हात घालण्यापूर्वी

एमटेकच्या प्रबंधासाठी हा विषय (आत माणूस आहे का, काय करतोय हे सेन्सरवरून ओळखून दिवा आपोआप लावणारी-विझवणारी खोली) घेतलात, तर पहिल्याच दिवशी सेन्सर विकत आणू नका. आधी एक काम निवडा. ‘स्मार्ट घर’ हे काम नव्हे; ‘टेबलाशी बसून वाचणं’ हे काम. ते कधी सुरू होतं, कधी संपतं, मध्येच फोन आला तर काय व्हावं, हे कागदावर मांडा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ऑरा प्रकल्पाचा गाभा हाच होता: माणूस जागा बदलतो, भोवतालची यंत्रं बदलतात, हातातलं काम मात्र सोबत चालत राहायला हवं. वाचनाला, सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडणाऱ्या मार्क वायझर यांच्या १९९१च्या लेखापासून सुरुवात करा, मग संगणकशास्त्रज्ञ अनिंद डे यांची संदर्भाची व्याख्या पाहा: माणूस, जागा किंवा वस्तू यांची स्थिती सांगणारी कुठलीही माहिती म्हणजे संदर्भ.

सामान थोडंच लागतं. एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक), हालचाल टिपणारा एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर, प्रकाश मोजायला बीएच१७५० आणि मॉस्किटो ब्रोकर (सेन्सरचे संदेश घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्रॅम) चालवायला एखादा जुना लॅपटॉप.

खरी अडचण पीआयआरपाशी येते. वीज दिल्यावर साधारण मिनिटभर त्याचं काही खरं मानू नका. शिवाय त्याला उष्णतेतली हालचाल दिसते, माणूस नाही. वाचणारा स्तब्ध बसला की दिवा जातो. सेन्सरवरचा विलंब वाढवून हे सुटत नाही, कारण ‘उठून गेला’ आणि ‘शांत बसला’ हे त्याला सारखंच दिसतं. खुर्चीखाली दाबाचा स्विच लावा किंवा स्तब्ध माणूसही टिपणारं एलडी२४१० रडार वापरा. मात्र रडारला फिरता पंखाही माणूस वाटू शकतो, तेव्हा त्याची दिशा आणि संवेदनशीलता नीट लावा.

प्रकाशाच्या सेन्सरवर दिव्याचाच उजेड पडला, तर दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. लावण्याची आणि विझवण्याची मर्यादा वेगळी ठेवा. दोन्हींतलं अंतर दिव्यामुळे वाढणाऱ्या लक्सपेक्षा जास्त हवं. पैसे वाचवायला बीएच१७५०ऐवजी एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा साधा घटक) घेतलात, तर तो ईएसपी३२च्या ३२ ते ३९ यांपैकी पिनवरच जोडा; वाय-फाय चालू असताना एडीसी२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना दगा देतात.

बोर्ड बंद पडला तरी ब्रोकरमध्ये जपलेला ‘माणूस आहे’ हा शेवटचा संदेश तसाच राहतो. म्हणून एमक्यूटीटीचं (ब्रोकर वापरतो त्या संदेश-पद्धतीचं) लास्ट विल, म्हणजे बोर्डाचा संपर्क तुटला की ब्रोकरने पाठवायचा आधीच ठरवलेला संदेश, लावा आणि प्रत्येक नोंदीला वेळ जोडा.

नियम लिहिण्यापूर्वी सात दिवस फक्त नोंदी घ्या, शेजारी वहीत प्रत्यक्ष काय घडलं तेही लिहा. भिंतीवरचा स्विच नेहमी वरचढ ठेवा. तो दाबला गेला की निदान अर्धा तास प्रणालीने त्या दिव्याला हात लावू नये. आणि दाबल्याची प्रत्येक वेळ साठवा: प्रणालीचा अंदाज कुठे चुकला, हे तिथेच सापडतं.