स्पेनहून ब्रिटनला कुत्र्यासह मोटरहोमने परतताना या चुका टाळा

हिवाळा स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर काढून मार्चमध्ये ब्रिटनला परतणाऱ्या मोटरहोमवाल्यांत आता मराठी कुटुंबेही दिसू लागली आहेत. जाताना कागदपत्रांची यादी तीनतीनदा तपासणारी हीच मंडळी परतताना मात्र ‘आता काय, घरीच तर जायचे आहे’ अशा थाटात निघतात. दक्षिण स्पेनमधल्या मालागाहून फ्रान्सच्या उत्तर टोकाच्या कॅले बंदरापर्यंत दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि गाडीत कुत्रा असेल, तर या परतीचे वेळापत्रक निघण्याच्या दिवसापासून पुढे न मांडता फ्रान्स आणि ब्रिटनमधली इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या वेळेपासून मागे मोजत आणावे लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक टेपवर्मच्या, म्हणजे पट्टकृमीच्या औषधाची आहे. कोल्ह्यांमधून पसरणारा एक घातक पट्टकृमी ब्रिटनमध्ये नाही आणि तो येऊ नये म्हणून फ्रान्स किंवा स्पेनहून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला ब्रिटनमध्ये प्रवेश करण्यापूर्वी किमान 24 तास आणि जास्तीत जास्त 120 तास आधी प्राझिक्वान्टेल किंवा तितकेच प्रभावी औषध द्यावे लागते. ते पशुवैद्यानेच द्यायचे असते. आपण स्वतः गोळी चारली तर ती धरली जात नाही. येथे ‘एक ते पाच दिवस’ असा ढोबळ हिशेब करणारे फसतात, कारण मोजणी तारखेवर नसून तासांवर असते. समजा, शुक्रवारी सकाळी दहाला पलीकडे पोहोचायचे आहे. मग गोळी रविवारी सकाळी दहा ते गुरुवारी सकाळी दहा या वेळेतच पडली पाहिजे. रविवारी दवाखाने बंद, बुधवारी घेतली तर काही चुकल्यास दुसरी संधी नाही; म्हणून मंगळवार हा शहाणपणाचा दिवस. त्या दिवशी दुपारी चारला गोळी दिली, तर मुदत रविवारी दुपारी चारपर्यंत पुरते आणि गाडी रस्त्यात अडली तरी दोन दिवस हाती राहतात. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातून निघतानाच गोळी देऊन टाकली, तर हाच अवकाश रस्त्यातच संपतो. आणि कॅलेला पोहोचून दवाखाना शोधला, तर 24 तास तिथेच मुक्काम ठोकावा लागतो. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बोर्दोच्या आसपासचा दवाखाना आधीच ठरवून ठेवणे सोयीचे, कारण तेथून कॅले सुमारे साडेआठशे ते नऊशे किलोमीटर, म्हणजे कुत्र्याला न दमवता दोन-तीन टप्प्यांचे अंतर उरते.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट अधिक पाहावी. शेंगेन व्हिसाच्या 90 दिवसांतील शेवटच्याच दिवशी परतीचे तिकीट काढलेले असेल आणि कुत्र्याचे 24 तास भरले नसतील, तर माणसाला थांबता येत नाही आणि कुत्र्याला जाता येत नाही.

दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी गोळीची नोंद केलेला कागद तिथेच उभे राहून वाचावा. औषधाचे नाव, उत्पादक, तारीख, वेळ, सही आणि शिक्का एवढे सगळे हवे. वेळेचा रकाना रिकामा राहणे ही नेहमीची गफलत आहे. त्याच भेटीत कुत्र्याची ओळख पटवणारी मायक्रोचिप स्कॅनरने वाचून घ्यावी. चिप कातडीखाली सरकून मानेवरून खांद्याकडे गेलेली असू शकते आणि कॅलेच्या तपासणी कक्षात बहुधा स्कॅनर आपल्याच हाती दिला जातो, तेव्हा तो नेमका कोठे फिरवायचा हे ठाऊक असले की रांगेतला गोंधळ टळतो. नियम पाळले नाहीत तर प्रवेश नाकारला जातो किंवा चार महिन्यांपर्यंत विलगीकरण वाट्याला येऊ शकते, आणि तो खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

दुसरी चूक चालवण्याची. घराची ओढ लागली की दिवसाला आठ-नऊ तास गाडी हाकली जाते आणि एरवी पट्ट्याने बांधला जाणारा कुत्रा मागच्या पलंगावर मोकळा झोपतो. ब्रिटनच्या हायवे कोडच्या, म्हणजे वाहतूक नियमावलीच्या 57 व्या नियमानुसार वाहनात कुत्रा बांधलेला किंवा पिंजऱ्यात असला पाहिजे. पण नियमापेक्षाही विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे करकचून ब्रेक लागल्यावर पंचवीस किलोचे जनावर थेट चालकाच्या पाठीवर येऊन आदळते. हार्नेसचा पट्टा सीटबेल्टच्या अँकरला अडकवावा, जेवणाच्या टेबलाच्या पायाला नव्हे. विश्रांतीच्या थांब्यावर दार उघडण्याआधी साखळी हातात असावी, कारण कित्येक आठवडे कॅम्पसाइटवर मोकळे हुंदडलेल्या कुत्र्याला समोरचे गवत आणि पलीकडचा महामार्ग यांतला फरक कळत नाही. फ्रान्सच्या महामार्गावरील थांब्यांवर रात्रीचा मुक्काम चोऱ्यांमुळे टाळावा. गावांतील मोटरहोम तळ अधिक सुरक्षित असतात आणि पहाटे कुत्र्याला फिरवायलाही बरे पडतात.

फ्रिज रिकामा करण्याच्या नादात उरलेले हॅम आणि चीज कुत्र्याला घालण्याचा मोह फार. 12 एप्रिल 2025 पासून युरोपीय संघातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये आणण्यावर निर्बंध घातले गेले, त्यामुळे ते संपवणे योग्यच; पण ते माणसांनी संपवावे. खारट, चरबीयुक्त हॅम खाऊन पोट बिघडलेला कुत्रा आणि बंद गाडीतले सहाशे किलोमीटर हा अनुभव कोणालाही नको.

खाडी ओलांडताना बोगद्यातल्या रेल्वेत कुत्रा आपल्याबरोबर गाडीतच राहतो आणि प्रवास सुमारे 35 मिनिटांचा असतो. फेरीचे तसे नसते. अनेक जहाजांवर तो एकटा वाहनतळावर राहतो आणि आपल्याला तिथे जाता येत नाही, म्हणून चढण्यापूर्वी पाणी, फेरफटका आणि हवेसाठी उघडा झरोका एवढे आवर्जून पाहावे. दोन्हीकडे गॅस टाकीचा कॉक बंद करावा लागतो.

शेवटची चूक घरी पोहोचल्यावर होते. पट्टकृमीच्या गोळीने गोचीड मरत नाहीत, म्हणून कानांच्या आतल्या घड्या, काखा आणि बोटांमधल्या फटी हाताने चाचपून पाहाव्यात. भूमध्य किनाऱ्यावर वाळूमाशीच्या चाव्याने होणाऱ्या लीशमॅनियासिस या रोगाची लक्षणे कधीकधी महिन्यांनी, तर कधी वर्षांनी दिसतात. वजन घटणे, डोळ्यांभोवतीचे केस जाणे किंवा न भरणारी जखम घेऊन पुढे केव्हाही पशुवैद्याकडे गेलात, तर कुत्रा स्पेनमध्ये राहून आला आहे हे आपणहून सांगावे, कारण ब्रिटनमधल्या दवाखान्यात हा रोग पहिल्या फटक्यात कोणाच्या मनात येईलच असे नाही.